थोरलीचं भाषण आणि धाकटीची साक्ष

मावशीच्या थोरल्या जाऊबाई नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा भिंतीएवढा फोटो लागला तो नेमका मावशीच्या लाँड्रीसमोर. लाँड्री मावशीची नव्हती, ती तिथे रफूचं काम करायची. पण इतकी वर्षं एकाच स्टुलावर बसल्यामुळे आम्ही घरातले सगळे ‘मावशीची लाँड्री’ असंच म्हणायचो. काउंटरच्या बाजूला, दर्शनी काचेला लागून तिची जागा. कोटाला भोक पडलं, विजार खिळ्याला अडकून फाटली, की लोक तिच्याकडे आणायचे. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरे उपसून काढायची आणि भिंगाखाली धरून एकेक दोरा वर-खाली ओवत बसायची. या कामाला उजेड लागतो, म्हणून काचेजवळची जागा. आणि आता सुईत दोरा ओवून मान वर केली की समोर जाऊबाई हसत उभ्या.

“दिवसभर नजर ठेवून असते माझ्यावर,” मावशी म्हणायची. एकदा तिनं तणतणत स्टूल उचलून आतल्या कोपऱ्यात नेलं. तिथे दोराच दिसेना. दुपारी नाक मुठीत धरून पुन्हा काचेजवळ आली.

ही माझी सख्खी मावशी, आईची पाठची बहीण. सासरी ती धाकटी सून, म्हणून तिकडे तिला सगळे धाकटी म्हणत आणि तिच्या जाऊबाईंना थोरली. मीही इथे तसंच म्हणते. या दोन शब्दांनीच हिचं अर्धं आयुष्य कडू केलं, असं माझी आई म्हणते. थोरली उंच, भरदार आवाजाची, विमा कंपनीत अधिकारी. ती चारचौघांत बोलायला लागली की माणसं हातातले पेले खाली ठेवून ऐकायची. मावशी बुटकी, बोलायला तिखट. पण पाचव्या माणसासमोर तिचा घसा बसायचा. थोरलीकडे नवे पडदे आले की महिन्याभरात मावशीकडचे पडदे बदलायचे. थोरलीच्या मुलाला बक्षीस मिळालं की मावशीची बिचारी मुलगी आठवडाभर टोमणे खायची. मी लहान असताना मावशीनं मला एकदा आरशासमोर धरून विचारलं होतं, “खरं सांग, ती छान दिसते की मी?”

“तू,” मी म्हटलं.

“खोटारडी,” ती म्हणाली. आणि मला एक बिस्किट जास्त दिलं.

यात भर पडली ती सासूबाईंच्या आजारपणाची. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली. थोरलीचं घर मोठं होतं, पण तिची नोकरी होती, बैठका होत्या, फिरती होती. म्हणून सासूबाई मावशीकडे आल्या आणि सहा-सात वर्षं, अगदी शेवटपर्यंत, तिच्याकडेच राहिल्या. मावशीनं रफूचं काम घरी आणायला सुरुवात केली. पलंगाच्या कडेला बसून ती सुई चालवायची आणि मधे मधे उठून सासूबाईंची कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. अंग पुसणं, भांडं देणं, केस विंचरणं, जेवण पातळ करून चमच्याचमच्यानं भरवणं, सगळं तिच्याकडे. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, उचलायला मदत केली. बाकीच्या कामांनी त्यांना उलटी यायची. सासूबाई मावशीला ‘चिमणे’ म्हणायच्या. ती चणीनं लहान म्हणून.

थोरली रविवारी यायची. अत्तराचा वास घेऊन, फळं घेऊन. खुर्चीत बसून ऑफिसातल्या गमती सांगायची, साहेबाच्या नकला करायची. अर्ध्या तोंडानं सासूबाई खदखदून हसायच्या. ती गेली की म्हणायच्या, “थोरली आली की घर कसं भरल्यासारखं वाटतं. नाही गं चिमणे?”

मावशी तेव्हा बहुतेक काहीतरी पिळत असायची. ती “हो” म्हणायची.

सासूबाई गेल्या. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी थोरली नोकरी सोडून राजकारणात आली आणि बघता बघता नगराध्यक्षपदाची उमेदवार झाली. प्रचाराची मोठी सभा शाळेच्या सभागृहात होती. घरच्या माणसांनी पुढच्या रांगेत दिसलं पाहिजे असा निरोप आला. मावशी आधी नाहीच म्हणाली, मग ठेवणीतला पोशाख काढून सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होते.

थोरलीनं रस्त्यांबद्दल बोलून घेतलं, पाण्याबद्दल बोलून घेतलं. मग ती थांबली. आवाज खाली आणला.

“मला लोक विचारतात, तुम्हाला गरिबाचं दुःख काय कळणार? माझ्या सासूबाई सहा-सात वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. या हातांनी मी त्यांना भरवलंय. या हातांनी त्यांची कूस बदललीय, पाठीला जखम होऊ नये म्हणून. पाणी गरम करताना माझा हात पोळायचा, आणि त्या विचारायच्या, चिमणे, लागलं का गं? मी इतकी उंच, धिप्पाड बाई, पण त्यांच्यासाठी मी चिमणीच होते. आपल्या गावात म्हाताऱ्या माणसांसाठी शुश्रूषागृह नाही. ते मी बांधणार. माझ्या सासूबाईंसाठी बांधणार.”

सभागृहात पदर, रुमाल, बाह्या, जे हाताशी येईल ते डोळ्यांना लागलं. मावशीच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी तिचा हात धरला. ती पुटपुटली, “किती केलं गं बिचारीनं.” मग तिचा हात माझ्या हातात एकदम ताठ झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अगं, ही तर मी!”

टाळ्या थांबत नव्हत्या. काकाही वाजवत होते, सवयीनं. मावशीनं त्यांच्या हातावर चापट मारली.

घरी आल्यावर जो दंगा झाला त्याला मी साक्षीदार आहे. काकांचं म्हणणं एकच, “जाऊ दे ना. निवडणुकीत असं बोलतातच.”

“असं म्हणजे कसं? पूल बांधू म्हणतात आणि बांधत नाहीत, ते मी समजू शकते. पण माझी कंबर मोडली ती हिची कशी झाली?”

“घरातलीच आहे ती.”

“मग घरातलं भांडं उचलायला का नाही आली? आणि चिमणे म्हणे! तिला चिमणी म्हटलं तर घरट्यासह झाड पडेल!”

काकांना हसू आलं आणि ते त्यांना महाग पडलं. पण रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मावशी खरं ते बोलली. ताटाकडे बघत म्हणाली, “मी कुणाला सांगितलं असतं ना, तर असं सांगता आलं नसतं. हात पोळायचा, ते मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. तिनं नुसतं बघितलं असेल कधीतरी माझ्या हाताकडे. आणि बघ, कसं वापरलं. मला रडवलं तिनं माझ्याच गोष्टीवर.”

थोरली निवडून आली. दणदणीत.

आमच्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी नवा कायदा झाला होता. प्रचारात जाणूनबुजून खोटं सांगून मतं मिळवली, तर उमेदवारावर खटला भरता येणार होता आणि गुन्हा सिद्ध झाला तर पद जाणार होतं. लाँड्रीत या कायद्यावर रोज चर्चा झडायच्या. लाँड्रीवाले इस्त्रीची वाफ काढत म्हणायचे, “मग प्रचारात बोलायचं काय? नुसतं नाव सांगून खाली बसायचं?” एक निवृत्त मास्तर कोट घ्यायला यायचे. त्यांचं मत गंभीर होतं. खरं-खोटं ठरवायला कोर्ट बसवलं, तर ज्याच्या हातात सत्ता तो उठसूट विरोधकाला कोर्टात खेचेल, आणि मग साधा माणूस उभं राहायलाही घाबरेल, असं ते म्हणायचे. खोटारड्याला मतदारांनीच घरी बसवावं.

“मतदारांना कळलं तर बसवतील ना,” मावशी म्हणाली. “मास्तर, तुमच्या या कोटाचं भोक मी नुसतं चिकटवून दिलं आणि रफू केलंय म्हणून सांगितलं, तर तुम्ही लाँड्रीवर तक्रार कराल की नाही? का पुढच्या कोटाच्या वेळी दुसऱ्या लाँड्रीत जाऊन गप्प बसाल?”

मास्तरांनी बाही उजेडात धरून तपासली.

अशा वेळी हरलेल्या उमेदवाराची वकील लाँड्रीत आली. तरुण बाई, पायात धावायचे बूट, हातात कपडा वगैरे काही नाही. “तुम्ही त्यांच्या धाकट्या जाऊबाई ना? सासूबाईंचं तुम्ही केलंत, असं तुमच्या गल्लीत ऐकलं. साक्ष द्याल?”

मावशीनं सुई खाली ठेवली नाही. पण तिचा चेहरा असा उजळला की लाँड्रीवाले नंतर म्हणाले, मुलीच्या लग्नातही ही बाई इतकी खूश नव्हती.

“देईन,” ती म्हणाली. “कधी?”

त्या दिवसांत मावशी दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. साक्षीची तयारी ती आरशासमोर करायची. कुठल्या वाक्याला थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. माझ्या लक्षात आलं की ती थोरलीसारखं बोलायचा प्रयत्न करतेय. काकांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. थोरली त्यांच्या सख्ख्या भावाची बायको, नाचक्की घराची. माझी आई एकदा समोर बसून म्हणाली, “एक सांग मला. तुला ती खोटं बोलली म्हणून शिक्षा व्हायला हवीय, की ती जिंकली म्हणून?”

मावशीनं विचार केला. “तू मधे पडू नकोस,” ती म्हणाली. म्हणजे तिला उत्तर ठाऊक होतं.

मग थोरली स्वतः आली. लाँड्रीत नाही, घरी. गाडी कोपऱ्यावर ठेवून, एकटी. मी तिथे काकांच्या सदऱ्यांना बटणं लावत बसले होते. थोरलीनं मला उठायला सांगितलं नाही.

“धाकटे, असं कोर्टात भेटायचं का आपण?”

“वहिनी, तुम्ही खोटं बोललात.”

“मी ‘मी’ म्हटलं. ‘आम्ही’ म्हणायला हवं होतं. मान्य.”

“आम्ही कसं? तुम्ही कधी होतात?”

थोरली टेबलावरच्या पेल्याभोवती बोट फिरवत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते मला अजून विचित्र वाटतं. “पहिल्यांदा बोलले तेव्हा मला माहीत होतं गं, हे तुझं आहे. एका छोट्या सभेत बोलले, बायका रडल्या. मग दुसऱ्या सभेत बोलले. मग रोजच. आता मी डोळे मिटले ना, तर मला ती पाण्याची वाफ दिसते. आईंचा हात माझ्या मनगटावर असल्यासारखा वाटतो. मला खरंच आठवतं.”

“आठवतं?” मावशीचा आवाज चिरकला. “तुम्हाला आठवतं आणि मला पाठीचा पट्टा लावावा लागतो! छान वाटणी आहे.”

“शुश्रूषागृहाच्या समितीवर तुला घेते. तुझं नाव दारावर लावते.”

“माझं नाव तुमच्या दारावर नको. तुम्ही उभ्या राहून सांगा, ते मी केलं नाही, धाकटीनं केलं. एवढंच.”

“ते सांगितलं तर मी गेलेच,” थोरली म्हणाली. “खटल्याआधी वकील तोंड उघडू देत नाहीत.” जाताना तिनं मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. मावशीनं तो झटकला नाही, पण ती गेल्यावर खांदा ओल्या फडक्यानं पुसला. “अजून तेच अत्तर,” ती म्हणाली. “भारीतलं.”

कोर्टात गर्दी मावत नव्हती. नव्या कायद्याखालचा आमच्या गावातला तो पहिलाच खटला. मावशीनं शपथ घेतली आणि वकीलबाईंच्या प्रश्नांना तिनं उत्तरं दिली, पण आरशातल्यासारखी नाही. तिचा घसा बसला होता. ती साधी, तुटक बोलली. केव्हा उठायची, काय पुसायची, पाठीची जखम कशी बघायची. थोरली घरी येऊन काय बोलली, ते कुणी विचारलं नाही आणि मावशीनंही सांगितलं नाही. न्यायाधीश लिहायचे थांबले आणि नुसते ऐकत राहिले. मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं. मावशीला ते ऐकू आलं. तिनं थोरलीकडे बघितलं, आणि ती नजर मी कधी विसरणार नाही. आता कसं, असं ती नजर म्हणत होती.

मग थोरलीचे वकील उठले. वयस्कर, गोड आवाजाचे. त्यांनी आधी एका शेजारणीची साक्ष घेतली होती. ती म्हणाली होती की म्हातारीला भेटायला गेलं की ती सांगायची, थोरलीच माझं सगळं करते. आणि हे या शेजारणीनं थोरलीच्या कानावरही घातलं होतं.

“ताई,” वकील म्हणाले, “तुमची सेवा कुणी नाकारत नाही. मला एवढंच सांगा. सासूबाई तुम्हाला हाक काय मारायच्या?”

“चिमणे.”

“शेवटपर्यंत?”

मावशीनं मान वळवून काकांकडे बघितलं.

“ताई, शेजारीणबाई म्हणतात ते तुम्ही कधी ऐकलंत? सासूबाईंनी थोरल्या सुनेनं सगळं केलं असं तुमच्यासमोर कधी म्हटलं?”

माझ्या शेजारी बसलेली वकीलबाईंची मदतनीस निवांत होती. तिला वाटत होतं आता मावशी ‘नाही’ म्हणणार. आम्हालाही तेच वाटत होतं. आम्ही कुणीच ते ऐकलेलं नव्हतं. काकांनी नाही, मुलीनं नाही. शेजारीण म्हातारी, तिचं ऐकण्यात चुकलं असेल म्हणून सोडून देता आलं असतं. त्या खोलीत मावशी आणि सासूबाई दोघीच असायच्या, आणि सासूबाई आता नव्हत्या.

मावशीनं दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरला.

“शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू यायची नाहीत,” ती म्हणाली. “मी भरवायला बसले की मला थोरले म्हणायच्या.”

“आणि काय म्हणायच्या?”

“म्हणायच्या, थोरले, तूच गं माझं सगळं केलंस. धाकटी येतच नाही बघ.”

वकिलांना पुढचा प्रश्न सुचला नसावा, कारण त्यांनी विचारलं ते कायद्याच्या कामाचं नव्हतं. “मग तुम्ही काय म्हणायचात?”

“म्हणायचे, येईल हो ती. तुम्ही घास घ्या.”

थोरलीनं मान खाली घातली. मी पहिल्यांदाच तिचा भांग बघितला, पांढरा होता. काका उठून बाहेर गेले.

निकाल लागायला वेळ लागला नाही. न्यायाधीशांनी सांगितलं की भाषणातली गोष्ट खरी नव्हती. सेवा धाकट्या सुनेनंच केली यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पण सासूबाई स्वतःच श्रेय थोरलीला देत होत्या आणि ते तिच्या कानावर गेलं होतं, तेव्हा ती जाणूनबुजून खोटं बोलली हे निःसंशय म्हणता येत नाही. आणि संशयावर लोकांनी निवडलेल्या माणसाचं पद काढून घेता येत नाही. थोरली सुटली.

वकीलबाई पायऱ्यांवर मावशीला गाठून म्हणाली, “एक ‘नाही’ म्हटलं असतंत तर...”

“अगं बाई,” मावशी भडकलीच, “खोटं बोलणारीला धडा शिकवायला मी शपथ घेऊन खोटं बोलू? मग तिच्याऐवजी मीच का नाही उभी राहिले निवडणुकीला!”

पण बसमध्ये बसल्यावर तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “जिंकली परत. आणि मीच जिंकवली.” काका तिच्या शेजारी होते. त्यांनी तिच्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. त्या दोघांचं बोलणं त्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं. घरी गेल्यावर काका एवढंच म्हणाले, “आई असं म्हणायची, हे मला कधी सांगितलं नाहीस?” मावशी म्हणाली, “काय सांगणार? मला लाज वाटायची. इतकं करून त्यांना माझं नावच आठवेना.”

नंतर कुणी राजकारण्यांवर खटले भरावेत का असा विषय काढला, की मावशी लगेच म्हणायची, “भरायलाच हवेत.” मास्तर विचारायचे, एवढं होऊनही? “होऊनही. नाहीतर घराघरातून असंच चोरत सुटतील. फक्त साक्षीला माझ्यासारखी जळकी बाई बोलवू नये. मी तिला पदावरून खाली आलेली बघायला गेले होते, कायद्याचं भलं करायला नाही.” हे ती मोठ्यानं, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. मास्तर मान हलवायचे. ते आपल्या बाजूचं आहे की विरुद्ध, हे त्यांना ठरवता यायचं नाही.

पुढच्या वर्षी शुश्रूषागृह खरंच झालं. एवढं थोरलीचं मान्य करायला हवं, आणि मावशीनंही केलं, दात-ओठ खात. उद्घाटनाला आम्ही गेलो नाही. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत एक बाई आली आणि कपडे ठेवायच्या आधीच मावशीचे हात धरले. “काय सुंदर बोलल्या हो काल तुमच्या जाऊबाई तुमच्याबद्दल! आम्ही सगळे रडलो.”

“काय बोलल्या?”

त्या बाईनं सगळं सांगितलं. थोरलीनं भर कार्यक्रमात सांगितलं होतं की सासूबाईंची सेवा माझ्या धाकट्या जावेनं केली, मी नाही. इतकी वर्षं मावशीला जे हवं होतं ते. पण ती तिथे थांबली नव्हती. कोर्टातला प्रसंग तिनं रंगवून सांगितला होता. कठडा धरलेले हात, बसलेला घसा. ‘धाकटी येतच नाही बघ’ आणि ‘येईल हो ती, तुम्ही घास घ्या’ ही वाक्यं तिनं सासूबाईंच्या आणि मावशीच्या दोन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून दाखवली होती. आणि शेवटी म्हणाली होती, अशा घरात मी नांदले, म्हणून मला खरेपणाची किंमत कळते. त्यावर लोक उभे राहिले होते.

मावशीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कपडे मोजून घेतले, पावती दिली. मग लाँड्रीवाल्यांना म्हणाली, “जरा जाऊन येते.”

ती नगरपालिकेत गेली. ‘मी घरची आहे’ असं न सांगता भेटायला आलेल्या लोकांच्या बाकावर बसली. कुणाची गटार तुंबलेली, कुणाची भिंत पडलेली. तिची पाळी आली तेव्हा दाराशी असलेल्या शिपायानं विचारलं, काम काय आहे? मावशी म्हणाली, “वस्तू परत हवी आहे.”

आत थोरली तिला बघून उठूनच उभी राहिली. “धाकटे! ऐकलंस ना? सगळं सांगितलं मी. जसंच्या तसं. एक शब्द खोटा नाही.”

“ऐकलं. म्हणूनच आले. वहिनी, माझ्याबद्दल खोटं बोलू नका तसं खरंही बोलू नका. सांगायचं तेव्हा सांगितलं नाहीत. आता कौतुक करताय तर तेही मला न विचारता, आणि त्याच्याही टाळ्या तुम्हीच घेताय.”

“अगं, पण तूच म्हणाली होतीस, उभी राहून सांगा म्हणून.”

“एवढंच सांगा म्हटलं होतं. ‘एवढंच’ हा शब्द तुम्हाला ऐकू आला नाही. आई मला काय म्हणाल्या आणि मी त्यांना काय म्हणाले, ते कोर्टानं विचारलं म्हणून मी सांगितलं. तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

थोरलीजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. मावशी म्हणते, त्या दिवशी नव्हतं. ती पुन्हा खुर्चीत बसली आणि म्हणाली, “नाही बोलणार.” मग, अगदी हळू, “मला दुसरं सांगायला काही नाहीये गं. माझ्याकडे असं काही नाहीच.”

मावशीनं समोरचा पाण्याचा पेला घेतला, प्यायली, आणि निघाली. बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, “झालं का काम?” ती म्हणाली, “झालं.”

थोरलीनं शब्द पाळला. पुढच्या निवडणुकीत ती रस्ते आणि पाणी एवढ्यावरच बोलली, आणि थोडक्यात का होईना, पुन्हा निवडून आली. मावशीनं मत कुणाला दिलं ते काकांनाही माहीत नाही.

पण त्या दिवशी नगरपालिकेतून मावशी थेट आमच्याकडे आली होती. आईला आणि मला सगळं सांगून झाल्यावर, चहाचा दुसरा घोट घेताना तिनं कप खाली ठेवला. आम्हाला वाटलं, आता भरून आलं असेल.

“तिची खुर्ची बघितलीस का तू कधी?” ती आईला म्हणाली. “चामड्याची. गोल फिरते. पूर्ण! एका जागी बसून मागचं कपाटसुद्धा उघडता येतं. दिवसभर सुई घेऊन बसायचं मी, पाठ मोडायची माझी, आणि फिरती खुर्ची तिला!”